ठासीव मातीची भिंत आणि व्यापाऱ्याची वखार

व्यापारी माणसाचे आयुष्य दोन वास्तूंत जाते. एक त्याचे राहते घर आणि दुसरी त्याची वखार. घर बांधावयाचे झाल्यास तो चारचौघांचा सल्ला घेतो, दिशा पाहतो, घरातील वडील माणसांची मर्जी सांभाळतो. वखारीच्या बाबतीत मात्र गेल्या कित्येक वर्षांत आमच्या सीमाभागात एकच पद्धत रूढ होऊन बसली आहे. सिमेंटचे खांब, त्यांमध्ये नऊ इंची विटांची अथवा सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आणि डोक्यावर पत्रा. ही वखार लवकर उभी राहते हे खरे. परंतु वैशाखातील भर दुपारी जो अशा वखारीत पोत्यांची थप्पी मोजावयास उभा राहिला आहे, अथवा उन्हाळ्यात मऊ पडलेल्या व पावसाळ्यात पाझरू लागलेल्या गुळाच्या ढेपा ज्याने पाहिल्या आहेत, त्यास तिचे दोष निराळे सांगावयास नकोत. माल खराब होतो तो आपला, आणि त्या भट्टीत पाठीवर पोते घेऊन वावरतो तो हमालही आपलाच.

यास्तव यंदाच्या या स्मरणिकेत एका जुन्या व अलीकडे पुन्हा मान्यता पावू लागलेल्या बांधणीचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. वास्तुशास्त्रज्ञ तिला 'रॅम्ड अर्थ' म्हणतात. आम्ही तिला ठासीव मातीची भिंत म्हणू. 'मातीची भिंत' हे शब्द कानी पडताच अनेकांच्या डोळ्यांपुढे २०१९ च्या ऑगस्टातील महापुरात बसलेली घरे उभी राहतील, याची आम्हास कल्पना आहे. त्या आक्षेपाकडे पुढे वळूच. प्रथम ही भिंत म्हणजे काय ते पाहू.

आपल्याकडे मातीच्या भिंती तीन-चार तऱ्हांनी घालीत. चिखल तुडवून त्याचे थरावर थर रचणे ही एक तऱ्हा. चिखलाच्या कच्च्या विटा उन्हात वाळवून त्या रचणे ही दुसरी. कुडाच्या भिंतीला दोन्ही अंगांनी माती लिंपणे ही तिसरी. या सर्वांत माती ओली, म्हणजे चिखल असते. ठासीव भिंतीची गोष्ट उलट आहे. येथे माती केवळ दमट असते, नांगरटीच्या वेळी वाफ्यात असावी तेवढीच. दोन मजबूत फळ्या भिंतीच्या जाडीइतक्या अंतरावर समोरासमोर उभ्या करावयाच्या, त्यांमध्ये ही दमट माती सुमारे सहा इंच पसरावयाची आणि धुम्मसाने ती कुटून चार इंचांवर आणावयाची. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. साचा भरला की फळ्या लगेच सोडवून पुढे सरकवता येतात, कारण कुटलेली माती त्याच क्षणी आपल्या पायांवर उभी राहते. चिखलाची भिंत वाळताना पाणी गमावते, आकसते व तडकते. येथे पाणीच थोडे, मातीच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे, त्यामुळे आकसण्याचे प्रमाणही थोडे. भिंतीतील बळ मातीचे कण एकमेकांच्या जवळ दाबले गेल्याने येते. हाती काम करणाऱ्यास ते कानानेही कळते. प्रारंभी धुम्मसाचा आवाज बद्द येतो. थर पुरता बसला की तोच आवाज टणक होतो.

आता मातीविषयी, आणि हा भाग आम्ही जरा विस्ताराने मांडणार आहोत, कारण ही बांधणी फसते ती बहुधा येथेच. आमच्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले: काळी आणि पांढरी. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. या दोन शब्दांत बांधकामाचे अर्धे शास्त्र आलेले आहे. काळ्या रानाच्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते आणि ती चिकणमातीही अशा जातीची, की पाणी मिळताच फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. अशा मातीची भिंत कितीही ठासली तरी पहिल्या दोन पावसाळ्यांत तडे देणार. अथणी, गोकाक, बैलहोंगल या बाजूंच्या सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बेळगाव शहर व खानापुराकडील तांबडी माती या कामी पुष्कळच बरी. तिच्यातील चिकणमाती फुगण्याच्या जातीची नसते व खड्यांचे प्रमाणही चांगले असते.

चिकणमाती ही या भिंतीतील सरस होय. वाळू व खडे हा तिचा सांगाडा. सरस नसेल तर सांगाडा विसकटतो, सरस अधिक झाला तर भिंत फुगते-आकसते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी एक विभाग निघाला. मातीच्या बांधकामावर तेथे पुष्कळ संशोधन झाले आणि त्यातून मातीच्या दाबलेल्या विटांची घरे बेंगळुरूत उभी राहिली. सिमेंट मिसळावयाचे असेल तर चिकणमाती शेकडा दहा ते पंधराच्या आसपास असावी आणि उरलेल्यात वाळूचा भाग मोठा असावा, असा या कामाचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. सिमेंट मिसळावयाचे नसेल तर चिकणमाती थोडी अधिक चालते. आपल्या जागेतील माती जड असेल तर तिच्यात मुरूम व वाळू मिसळून ती या मापावर आणता येते. जड मातीला सिमेंटपेक्षा चुना अधिक मानवतो, मात्र चुन्याचे काम सावकाश चालते व त्यास महिनेच्या महिने लागतात.

मातीची पारख प्रयोगशाळेत होते तशी घरीही होते. काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून, बरणी जोराने हलवावी आणि स्थिर ठेवावी. खडे व वाळू मिनिटाभरात तळाशी बसतात, त्यांवर गाळ बसतो आणि चिकणमाती सर्वांच्या शेवटी, कित्येक तासांनी. दुसऱ्या दिवशी थरांची उंची पट्टीने मोजली की प्रमाणाचा अंदाज येतो. पाणी बेताचे आहे की नाही हे पाहण्याची रीत आणखी सोपी आहे. मूठभर माती घट्ट दाबून लाडू वळावा व खांद्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावा. त्याचे चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. पीठ झाले तर पाणी कमी. तो नुसता चेपून बसला तर पाणी जास्त. शेतातील वरची एक-दीड फूट माती मात्र कधीही घेऊ नये. तिच्यात मुळे व कुजका पाला असतो, आणि जे पिकाला हवे ते भिंतीला नको.

येथे पांढरीच्या मातीविषयी दोन शब्द. मराठवाडा-विदर्भातील देशमुखांच्या गढ्या व आपल्या बाजूचे कित्येक जुने वाडे या मातीचे आहेत आणि माळवदावरही हीच माती पडे. आज अशा पडक्या गढ्यांची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख व वस्तीचे अवशेष मिसळलेली ही माती पाण्यास चांगला अटकाव करते, परंतु तिच्यात क्षार असल्यास भिंतीस लोणा लागतो. वाड्याच्या पाडकामातून निघालेली माती पुन्हा वापरावयाची असेल तर आधी लहान नमुना करून पाहावा, असे आमचे मत आहे.

भिंत थंड का राहते? दगड-मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता आपल्या अंगात मुरवून घेते. तापलेल्या बाहेरील बाजूची ऊब फूटभर जाडीच्या भिंतीतून आत पोहोचावयास सुमारे आठ-दहा तास लागतात. दुपारी दोनचे ऊन आतल्या अंगास जाणवावयाचे तेव्हा रात्र झालेली असते, बाहेर वारा गार झालेला असतो, आणि वरचे झरोके उघडे असतील तर ती ऊब बाहेर निघून जाते. पत्र्याच्या भिंतीत हा विलंब जवळजवळ नसतोच. मातीची भिंत हवेतील दमटपणाही काही अंशी शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. गूळ, तंबाखू, हळद, मिरची यांचा व्यापार करणाऱ्यांस याचे मोल कळेल. मात्र या गुणाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. माती उष्णता साठविते, अडवीत नाही. जेथे दिवस तापतो व रात्र निवते अशा आपल्या पठारी मुलखात ती उपकारक. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रही दिवसासारखीच उबदार व दमट असते. तेथे जाड भिंतीपेक्षा वाऱ्याचा झोत व रुंद पडवी यांचा उपयोग अधिक. तेथील आमच्या बंधूंनी जांभ्या दगडाचा हाताशी असलेला आधार सोडून या भिंतीच्या मागे लागण्याचे फारसे कारण आम्हास दिसत नाही. आणखी एक गोष्ट. भिंत मातीची घातली आणि डोक्यावर उघडा पत्रा ठेवला, तर निम्मे श्रम वाया गेले असे समजावे. उन्हाचा मोठा मारा छपरावर असतो. मंगलोरी कौले, अथवा पत्र्याखाली हवा खेळती राहील असे दुसरे छत, हे या भिंतीचे जोडीदार आहेत.

मातीत माल सुरक्षित राहतो याचा पुरावा आपल्यास दूर शोधावयास नको. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळदीची पेवे होती व काही आहेत. जमिनीत खोल खणलेल्या, तोंड मातीने बंद केलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिके. आतील हवेतील प्राणवायू संपल्याने किडा जगत नसे; म्हणूनच पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवल्याखेरीज कोणी आत उतरत नसे. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांचा नाश केला. पेव म्हणजे ठासीव भिंत नव्हे हे आम्ही जाणतो. तेथे जमीनच भिंत होती. तथापि माती आपल्या मालाची वैरीण नाही, तिचे वैर पाण्याशी आहे, एवढे त्यावरून दिसते.

ही बांधणी कोणा एका देशाची नव्हे. चीनच्या प्रचंड भिंतीचे प्राचीन भाग ठासलेल्या मातीचे आहेत. त्याच देशातील फुजियान प्रांतात मातीचे अवाढव्य गोल व चौकोनी वाडे आहेत, त्यांस तुलौ म्हणतात. भात, चहा व तंबाखूच्या शेतांमध्ये उभे असलेले हे वाडे म्हणजे एकेका कुळाचे आख्खे गाव. मोठ्या वाड्यात आठशेपर्यंत माणसे राहत. त्यांपैकी ४६ वास्तूंना युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एकत्र कुटुंबाचे वाडे पाडून प्रत्येकाची निराळी सदनिका करण्याच्या आजच्या काळात हे वाचून आमच्या काही वाचकांस गंमत वाटेल.

फ्रान्समध्ये ल्यों शहराच्या आसपास ही रीत फार जुनी. फ्रांस्वा क्वांतरो (१७४०-१८३०) या तेथील बांधकाम-जाणकाराने राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० व ९१ साली, या विद्येवर पुस्तिका काढल्या आणि त्यांची भाषांतरे होऊन ती युरोप-अमेरिकेत पसरली. जर्मनीतील वाइलबुर्ग गावी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ठासीव मातीचे सहा मजली घर बांधले गेले. त्याच्या भिंती तळाशी पाऊण मीटर जाड असून वरवर जाताना निमुळत्या होतात. ते आजही उभे आहे.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण स्वित्झर्लंडातील लाउफेनचे आहे. औषधी वनस्पतींच्या गोळ्या करणाऱ्या रिकोला या कंपनीने तेथे आपली वनस्पती वाळविण्याची व साठविण्याची वखार २०१४ मध्ये सुरू केली. हेर्त्सोग व द म्यूरों या वास्तुकारांनी ती योजिली आणि मातीचे काम ऑस्ट्रियाच्या मार्टिन राउख यांच्या देखरेखीखाली झाले. १११ मीटर लांबीच्या या इमारतीच्या बाहेरील भिंती आसपासच्याच मातीच्या आहेत. मातीचे भले मोठे ठोकळे जवळच्या जागेत ठासून तयार केले व नंतर एकावर एक रचले. प्रत्येक ठोकळ्यात ठराविक थरांनंतर चुन्याच्या मिश्रणाची एक कठीण पट्टी सोडलेली आहे, तीवर आपटून पावसाच्या ओघळाचा वेग मोडतो. आतील सांगाडा मात्र काँक्रीटचा आहे व मातीची भिंत केवळ स्वतःचे वजन पेलते. पैशाला तोटा नसलेल्या कंपनीने नाजूक व किमती मालासाठी मातीची निवड केली, याची आपण नोंद घ्यावी.

आपल्या देशातही प्रयोग थोडे नाहीत. फाळणीनंतर निर्वासितांच्या वस्तीसाठी १९४८ च्या सुमारास कर्नाल येथे शेकडा अडीच सिमेंट मिसळलेल्या ठासीव मातीची सुमारे चार हजार घरे बांधण्यात आली. तमिळनाडूत ऑरोव्हिल येथे १९८९ मध्ये निघालेली मातीच्या बांधकामाची संस्था हे काम शिकविते. लडाखमध्ये फे गावाजवळील सेकमोल या शिक्षणसंस्थेची ठासीव मातीची वास्तू ऐन हिवाळ्यात केवळ सूर्याच्या उबेवर राहण्याजोगी असते.

आता आक्षेप. पहिला पावसाचा. पाऊस भिंतीवर पडल्याने जेवढी हानी होते त्याहून अधिक हानी पायाशी उसळणाऱ्या पागोळ्यांनी व जमिनीतून चढणाऱ्या ओलीने होते. म्हणून जोते दगडाचे व किमान दोन फूट उंच, त्यावर ओल अडविणारा थर आणि वर वळचण अडीच-तीन फूट पुढे काढलेली, ही तीन बंधने मोडू नयेत. याच जोत्यामुळे वाळवी व घुशी यांसही आळा बसतो. खानापुराकडे पावसाचा जोर अथणीच्या दुपटीहून अधिक असतो, तेव्हा तिकडे पश्चिमेच्या बाजूस पडवी काढणे बरे. गिलाव्यासाठी सिमेंटचा जाड थर थापू नये. तो ओल आत कोंडतो व काही वर्षांनी पापुद्रा होऊन सुटतो. चुन्याचा पातळ हात पुरे.

पुराचा प्रश्न निराळा आहे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी ज्या जागेत पुराचे पाणी शिरले तेथे ही भिंत घालू नये, असे आम्ही निक्षून सांगतो. सिमेंट मिसळलेली माती पाण्याने विरघळत नाही, तथापि दिवसच्या दिवस पाण्यात राहण्याची परीक्षा तिने द्यावी अशी अपेक्षा करणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा आक्षेप भूकंपाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे बहुतांशी ओबडधोबड दगड व चिखलाची होती. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग परस्परांस बांधणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि माथ्यावर माळवदाचे ओझे. भिंती फुटून दुभंगल्या व माळवद खाली आले. ठासीव भिंत एकसंध असल्याने दुभंगण्याचा दोष तिच्यात नाही. पण ताण सोसण्याची शक्ती मातीत नाहीच, आणि हा उणेपणा मान्य केला पाहिजे. दहा फूट लांब, दहा फूट उंच व फूटभर जाड भिंतीचे वजन पाच टनांहून अधिक भरते. ते हलले की कोपरे उघडतात. यास्तव जोत्याच्या पातळीवर, दारांच्या माथ्यावर व छपराखाली असे तीन पट्टे, लाकडाचे अथवा सळ्या घातलेल्या काँक्रीटचे, चारी भिंतींभोवती अखंड फिरविले पाहिजेत. दारे-खिडक्या कोपऱ्यांपासून दूर ठेवाव्यात व छप्पर हलके असावे. मातीच्या इमारतींच्या भूकंपरक्षणाचे भारतीय मानक, क्रमांक १३८२७, त्याच १९९३ साली निघाले. ते आपल्या अभियंत्यास वाचावयास लावावे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्यापासून फार दूर झाला नव्हता.

खर्चाचे गणित व्यापाऱ्यास सांगावे लागते, आणि येथे प्रचारकांच्या भाषेपासून सावध राहिले पाहिजे. माती फुकट असली तरी मजुरी, साचे व देखरेख फुकट नसतात. सिमेंटची बचत होते असे म्हणतात, पण ती आपोआप होत नाही. वर सांगितलेल्या शंभर चौरस फुटांच्या भिंतीत शेकडा आठ सिमेंट घातले तर सुमारे आठ पोती लागतात. तेवढीच नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही अंगांच्या गिलाव्यासह, साधारणतः त्याच्या निम्म्या सिमेंटात होते. मग बचत कोठे? ती भाजलेल्या विटा न लागण्यात आहे, त्यांचा कोळसा व लाकूड वाचण्यात आहे. पण सिमेंटचाही लोभ आवरला पाहिजे, कारण चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजून होणारे सिमेंट म्हणजे पुन्हा भट्टीच. शेकडा पाचावर आले तर हीच भिंत पाच पोत्यांत होते, कर्नालच्या प्रमाणात तीन पोत्यांहूनही कमी. माती जेवढी नीट निवडावी तेवढे सिमेंट कमी लागते. गवंड्याच्या 'थोडे जास्तच घालू' या आग्रहाला बळी पडू नये.

वखारीपुरती एक सूचना अधिक. सुटे धान्य या भिंतीशी कधी ओतू नये; त्याचा आडवा रेटा मातीस सोसत नाही. पोत्यांची थप्पीही भिंतीपासून दोन-अडीच फूट वाट सोडून लावावी. ही वाट हवेसाठी व घुशी-उंदरांवर नजर ठेवण्यासाठीही उपयोगी पडते. हातगाडीचे कोपरे ज्या दारापाशी लागतात तेथील कडा दगडाच्या किंवा लाकडाच्या कराव्यात. मातीची उघडी कड हमालाच्या एका धक्क्याने सुटते.

ज्या सभासदांच्या मनात हा विचार येईल त्यांनी एकदम वखारीस हात घालू नये. या मार्गशीर्षात आपल्या जागेतील मातीची तीन फूट लांब, तीन फूट उंच अशी एक भिंत घालावी. तिचा अर्धा भाग शेकडा पाच सिमेंटचा व अर्धा साध्या मातीचा ठेवावा. सिमेंटच्या भागावर दोन-तीन आठवडे गोणपाट भिजवून टाकावे, माथ्यावर एखादा जुना पत्रा ठेवावा व पावसाळाभर ती तशीच उघड्यावर राहू द्यावी. दसऱ्याच्या सुमारास नखाने व खिळ्याने खरवडून पाहावे, कडा किती झिजल्या ते मोजावे, मग अभियंत्यास बोलवावे. काम धरावयाचे ते दिवाळीनंतर, आणि छपरासह पुरे करावयाचे मृग लागण्यापूर्वी.